टेक कंपनीची धंद्यावरची पकड कशी तपासायची: शेअर घेण्याआधीचं काम, पायरी पायरीने

मालाडच्या जस्ट डायलचा आयपीओ २०१३ मध्ये ५३० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी भाव १,८०० च्या वर गेला. कंपनीकडे देशभरातल्या दुकानांची, प्लंबरची, डॉक्टरांची यादी होती, लक्षात राहणारा फोन नंबर होता, नफाही होता. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने ती ताब्यात घेतली तेव्हाचा भाव त्या उंचीच्या बराच खाली होता. मधल्या काळात कंपनीचं सॉफ्टवेअर काही बिघडलं नव्हतं. नंबर शोधणाऱ्याच्या हातात गूगल मॅप फुकट आला, आणि यादीत वर दिसण्यासाठी पैसे भरणाऱ्या दुकानदाराला थांबून राहायचं कारण कमी कमी होत गेलं.

टेक शेअर घेताना बहुतेक जण ॲप किती छान चालतं, वापरणारे किती कोटी आणि महसूल किती टक्क्यांनी वाढतोय, एवढं बघून थांबतात. यांपैकी एकाही गोष्टीवरून गिऱ्हाईक उद्या टिकेल की नाही, म्हणजे कंपनीची पकड किती, ते कळत नाही. त्यासाठी वेगळा तपास लागतो, आणि तो घरबसल्या, फुकट मिळणाऱ्या कागदांवरून करता येतो. एका कंपनीला आठ-दहा तास धरा. खाली आलेली नावं उदाहरणापुरती आहेत, खरेदी-विक्रीचा सल्ला म्हणून नाहीत.

आधी कागद गोळा करा

गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल, गेल्या आठ तिमाहींच्या कॉनकॉलच्या (निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी फोनवर बोलतं त्याच्या) लेखी प्रती, आणि कंपनी गेल्या काही वर्षांत बाजारात आली असेल तर तिचा डीआरएचपी, म्हणजे आयपीओआधी सेबीकडे दिलेला माहितीपत्रकाचा मसुदा. पहिले दोन बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये सापडतात, तिसरा सेबीच्या संकेतस्थळावर. दहा वर्षांचे आकडे एका तक्त्यात हवे असतील तर स्क्रीनर ही साइट पुरते, पण शेवटचे आकडे अहवालातूनच घ्यावेत, कारण अशा साइटवर 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' कधी कधी चुकीच्या रकान्यात पडतात.

डीआरएचपी लोक वाचत नाहीत, हे नवलच आहे. त्यात कंपनीला स्वतःच्या धोक्यांची यादी द्यावी लागते, आणि २०२२ पासून सेबीने धंद्याचे मुख्य निर्देशांक प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करून देणंही सक्तीचं केलं आहे. लिस्टिंग झाल्यावर तेवढं मोकळेपणाने कंपनी पुन्हा फारसं सांगत नाही.

प्रतिस्पर्धी शेअर बाजारात नसेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर शंभर रुपये भरून त्याचा ताळेबंद बघता येतो. हे शंभर रुपये वाचवू नका. तुमच्या कंपनीचा नफा टिकणार की नाही, हे बऱ्याचदा त्या बिगर-लिस्टेड कंपनीच्या खात्यात किती रोकड शिल्लक आहे यावर ठरतं.

पैसे कोण देतं?

अहवालातली महसुलाची टीप उघडा आणि प्रत्येक मोठ्या उत्पन्नासमोर ते देणाऱ्याचं नाव लिहा. नोकरी डॉट कॉमला पैसे देतात ते मुख्यतः भरती करणाऱ्या कंपन्या. नोकरी शोधणारे कोट्यवधी लोक हा त्यांना दाखवायचा माल. सीडीएसएल ही शेअर डिजिटल रूपात सांभाळणारी संस्था, म्हणजे डिपॉझिटरी. तिच्यात खातं तुमचं, पण कोणत्या डिपॉझिटरीत ते उघडायचं हे ठरवतो ब्रोकर. डिस्काउंट ब्रोकरांनी धडाधड खाती उघडली ती बहुतांश सीडीएसएलमध्ये, म्हणून खात्यांची संख्या तिच्याकडे जास्त. संस्थात्मक गुंतवणूकदारांचा मोठा माल मात्र एनएसडीएल या दुसऱ्या डिपॉझिटरीकडे, त्यामुळे एकूण मूल्य तिच्याकडे जास्त. 'सगळ्यात जास्त खाती' आणि 'सगळ्यात जास्त मूल्य' हे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात. म्हणून बाजारहिस्सा वाचला की लगेच विचारायचं: कशाचा हिस्सा?

याच वेळी सेगमेंटची (धंद्याच्या विभागांची) टीपही बघून घ्या. महसुलाच्या दहा टक्के किंवा जास्त देणारा एखादा ग्राहक असेल तर कंपनीला ते तिथे सांगावंच लागतं, नाव नाही दिलं तरी. पहिल्या पाच ग्राहकांकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येत असेल तर पकड कंपनीची ग्राहकावर आहे की ग्राहकाची कंपनीवर, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सोडून जायचं झालं तर खर्च किती?

हा या तपासाचा गाभा. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अंधेरीतच घडलं. एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजचं व्यवहाराचं सॉफ्टवेअर सुरुवातीपासून ६३ मून्स (पूर्वीची फायनान्शियल टेक्नॉलॉजीज) या कंपनीचं. एमसीएक्सने नव्या प्रणालीचं काम टीसीएसला दिलं. जुना करार संपला, नवी प्रणाली तयार नव्हती, आणि एक्स्चेंज एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, दर वेळी चढ्या दराने. जुलै ते डिसेंबर २०२३ साठी हा दर तिमाहीला १२५ कोटी रुपयांवर गेला. ज्या कंपनीचं त्या तिमाहीचं एकूण उत्पन्न दोनशे कोटींच्या आत होतं, तिच्यासाठी हे बिल केवढं ते बघा: सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीत एमसीएक्सला सुमारे १९ कोटींचा तोटा दाखवावा लागला. १६ ऑक्टोबर २०२३ ला नवी प्रणाली सुरू झाली आणि डिसेंबरअखेर हा खर्च संपला.

या एका प्रकरणातून तीन गोष्टी तपासायला शिकता येतात.

पहिली, बदलण्याचा खर्च रुपयांत मांडता येतो. नवं सॉफ्टवेअर घेण्याची किंमत, जुनं आणि नवं समांतर चालवण्याचा काळ, माणसांचं प्रशिक्षण, आणि मध्येच अडकलं तर धंद्याचं होणारं नुकसान. या चार ओळी लिहून बेरीज करा आणि तिला वर्षाच्या बिलाने भागा. बेरीज एका वर्षाच्या बिलापेक्षा कमी आली तर ग्राहक फक्त आळसामुळे थांबलाय. तिपटीच्या वर गेली तर त्याला खरोखर बांधून ठेवणारं काहीतरी आहे. बँकांच्या कोअर बँकिंग प्रणालीत हे सहज दिसतं: गोरेगावच्या ओरॅकल फायनान्शियलचं फ्लेक्सक्यूब, टीसीएसचं बँक्स, इन्फोसिसचं फिनॅकल. एकदा बसवलेली प्रणाली बँक वर्षानुवर्षं बदलत नाही. पण फिनॅकल उत्तम आहे म्हणून इन्फोसिस घेतो, हा हिशेब चुकतो. इन्फोसिसच्या एकूण महसुलात त्याचा वाटा लहान आहे.

दुसरी, पकड कितीही घट्ट असली तरी ग्राहक मोजकेच असतील तर ती एका करारापुरतीच. सॉफ्टवेअर देणाऱ्याला तिमाहीला १२५ कोटी मिळाले, आणि मग ते येणं थांबलं.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एवढा गोंधळ चालू असताना सोन्या-चांदीचे आणि कच्च्या तेलाचे सौदे करणारे व्यापारी एमसीएक्स सोडून कुठे गेले नाहीत. २०१८ पासून बीएसई आणि एनएसई दोघांनीही कमोडिटी विभाग उघडलेला होता. तरी सौदा तिथेच झाला, कारण समोरचा खरेदीदार तिथेच होता. धंद्याला एवढा धक्का बसूनही गिऱ्हाईक हललं नाही, हा कोणत्याही गुणोत्तरापेक्षा मोठा पुरावा. म्हणून कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट काळ शोधा, म्हणजे सर्व्हर बंद पडलेला, दरवाढ केलेला किंवा मालक बदललेला, आणि त्या काळात ग्राहकसंख्या किती घसरली ते बघा.

नेटवर्कची ताकद: मोठी म्हणजे घट्ट नव्हे

वापरणारे वाढले की सेवा अधिक उपयोगी होते आणि त्यामुळे आणखी वापरणारे येतात, हे तत्त्व खरं आहे. फक्त ते प्रत्येक ॲपला लागू होत नाही.

दादरच्या रानडे रोडवरच्या कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यावर बघा. फोनपे, गूगल पे, पेटीएम आणि एखाद्या बँकेचा, असे तीन-चार क्यूआर कोड शेजारी शेजारी चिकटवलेले असतात आणि त्यांपैकी कोणताही स्कॅन केला तरी पैसे पोचतात. टॅक्सीवाल्याच्या डॅशबोर्डवर दोन फोन, त्यांवर तीन ॲप. पैसे देणारा एकाच वेळी अनेक ठिकाणी नांदत असेल तर नेटवर्क कितीही मोठं असलं तरी दर वाढवला की तो दुसऱ्या फोनकडे वळतो. तपासताना हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, नेटवर्क देशव्यापी आहे की गल्लीपुरतं? जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं बोरिवलीतलं जाळं कोल्हापुरात काही कामाचं नाही. तिथे हॉटेलं, पोरं, गिऱ्हाइकं सगळं नव्याने उभं करावं लागतं, आणि फक्त तेवढ्या शहरापुरता पैसा ओतून नवा खेळाडूही उतरू शकतो. याउलट एक्स्चेंजवर देशभरातल्या ऑर्डरी एकाच ठिकाणी येतात.

आणि एक्स्चेंजचीही पकड सुटते, हे दलाल स्ट्रीटने स्वतः बघितलं आहे. १८७५ पासूनची बीएसई, मोठे ब्रोकर तिच्याकडे, बहुतांश उलाढाल तिच्याकडे. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईने स्क्रीनवरचे शेअर व्यवहार सुरू केले, उपग्रहाने मुंबईबाहेरचे ब्रोकर जोडले, आणि साधारण वर्षभरात उलाढालीत बीएसईला मागे टाकलं. बीएसईच्या रिंगमध्ये (ओरडून सौदे करायच्या दालनात) ज्याला जागाच नव्हती, असा नवा ग्राहकवर्ग एनएसईने आणला होता. पुढे उलट दिशेनेही तसंच झालं. डेरिव्हेटिव्ह्जमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) एनएसईची जवळपास मक्तेदारी असताना मे २०२३ मध्ये बीएसईने सेन्सेक्सचे करार वेगळ्या एक्स्पायरी वारासह (करार संपायच्या वारासह) पुन्हा आणले आणि तिथे उलाढाल उभी राहिली. दोन्ही वेळा आव्हान देणाऱ्याने जुन्या गिऱ्हाइकाला ओढायच्या आधी रिकामी जागा शोधली, एकदा माणसांची, एकदा वाराची. त्यामुळे तुमच्या कंपनीच्या तपासात एक ओळ ही हवी: तिच्या नेटवर्कमध्ये आज कोणाला जागा नाही?

पकड कोणाच्या हातात आहे

भारतातल्या टेक कंपन्यांच्या बाबतीत हा भाग परदेशी पुस्तकी सूत्रांत पुरेसा येत नाही, आणि नुकसान बहुतेक इथेच होतं.

२८ ऑक्टोबर २०२१ ला रेल्वे मंत्रालयाने आयआरसीटीसीला कळवलं की तिकिटावरच्या सुविधा शुल्कातला अर्धा वाटा सरकारला द्यायचा. दुसऱ्या दिवशी शेअर एका टप्प्यावर सुमारे २५ टक्के कोसळला. त्याच दिवशी निर्णय मागे घेतला आणि भाव सावरला. रेल्वेचं आरक्षित ऑनलाइन तिकीट आयआरसीटीसीशिवाय निघत नाही, प्रवासी कुठे जाऊ शकत नाही, सगळं खरं. पण ती मक्तेदारी आयआरसीटीसीने कमावलेली नाही, रेल्वेने दिलेली आहे.

यूपीआयचं तसंच. फोनपे आणि गूगल पे मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार हाताळतात. पण जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. शिवाय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा घालून ठेवली आहे. तिची मुदत वेळोवेळी पुढे ढकलून डिसेंबर २०२६ पर्यंत नेली आहे. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा मूळ कंपनीचा शेअर लागोपाठ दोन दिवस २० टक्क्यांच्या लोअर सर्किटला (दिवसातल्या घसरणीच्या मर्यादेला) लागला. वापरणारे तेच, ॲप तेच, क्यूआर कोड तेच.

सीडीएसएलची गोष्ट सौम्य आहे. लिस्टेड कंपन्यांकडून दर फोलिओमागे वर्षाला किती घ्यायचे (११ रुपये) हे सेबीने ठरवलेलं आहे. अशा धंद्याची अवस्था गिरगावातल्या पागडीच्या घरमालकासारखी असते: भाडेकरू सोडून जात नाही, पण भाडंही वाढवता येत नाही. असा धंदा वाईट नसतो. त्याची वाढ मात्र फक्त संख्येतून येते, आणि तेजी संपली की नवी खाती आटतात.

करायचं काम: प्रत्येक उत्पन्नासमोर 'दर कोण ठरवतं' असा रकाना करा. कंपनी, बाजार, सेबी, रिझर्व्ह बँक, मंत्रालय. मग गेल्या पाच वर्षांत त्या ठरवणाऱ्याने केलेले बदल लिहा. ब्रोकरांसाठी १ ऑक्टोबर २०२४ चा बदल बघा. एक्स्चेंजला जेवढं भरतो तेवढंच ग्राहकाकडून घ्यायचं, असा नियम आला आणि मधला फरक हे उत्पन्नच गेलं. ज्यांनी आधी अहवालात 'व्यवहार शुल्कातून मिळणारं उत्पन्न' ही ओळ शोधली होती त्यांना धक्का किती बसणार हे परिपत्रक आलं त्याच दिवशी काढता आलं.

आयटी सेवा: निराळी मोजपट्टी

टीसीएस, इन्फोसिस यांच्यासारख्या सेवा कंपन्यांत आरओसीई (वापरलेल्या भांडवलावरचा परतावा) बघून फारसं हाती लागत नाही. भांडवलच कमी लागतं, त्यामुळे तो सगळ्यांचाच जास्त असतो. त्याऐवजी दर तिमाहीच्या फॅक्टशीटमधून चार गोष्टी काढा.

स्थिर चलनातली वाढ: रुपया घसरला की रुपयातला महसूल फुगतो, तो भाग वगळूनच बघायचं. मोठ्या ग्राहकांची संख्या: वर्षाला १ कोटी, ५ कोटी, १० कोटी डॉलर देणारे किती आणि ते एका गटातून वरच्या गटात जातायत का. ही संख्या वाढणं म्हणजे जुना ग्राहक आणखी काम देतोय. कर्मचाऱ्यांची गळती: २०२२ मध्ये मागणी उसळली तेव्हा इन्फोसिसची गळती २८.४ टक्क्यांपर्यंत आणि टीसीएसची २१.५ टक्क्यांपर्यंत गेली. एकाच बाजारात, एकाच काळात दोघांत सात टक्क्यांचा फरक. प्रत्येक गेलेल्या माणसाच्या जागी जास्त पगाराचा माणूस घ्यावा लागतो, म्हणून हा फरक पुढच्या दोन-तीन तिमाहींच्या मार्जिनमध्ये उतरतो.

चौथी गोष्ट दर कर्मचाऱ्यामागचा महसूल. टीसीएसचा २०२४-२५ चा महसूल सुमारे २,५५,३२४ कोटी आणि मार्च २०२५ अखेर कर्मचारी सुमारे ६ लाख ८ हजार, म्हणजे माणशी ४२ लाख. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात पाहण्याचा आकडा हाच. माणसं कमी होऊन महसूल टिकला तर फायदा कंपनीकडे राहतोय. माणसं आणि महसूल दोन्ही घटले तर तो ग्राहकाने दर पाडून घेतलाय. व्यवस्थापन कॉनकॉलमध्ये काहीही म्हणो.

पेटंट, ब्रँड वगैरेंबद्दल भारतीय लिस्टेड टेक कंपन्यांत फार वेळ घालवू नका. दर वाढवून ग्राहक टिकतो का, एवढ्यातच ब्रँडची परीक्षा होते.

आकड्यांत उतरलंय का?

इथवरचं सगळं कथेचं काम. पकड खरी असेल तर ती पुढच्या हिशेबात दिसलीच पाहिजे.

दर आणि संख्या वेगळी करा. समजा महसूल १८ टक्के वाढला आणि पैसे देणारे ग्राहक ४ टक्के. १.१८ ला १.०४ ने भागलं की दर ग्राहकामागे सुमारे १३.५ टक्के वाढ निघते. ती दरवाढीमुळे आली की लहान ग्राहक गळून मोठेच उरल्यामुळे? दुसऱ्या प्रकारात सरासरी सुंदर दिसते आणि धंदा आकसत असतो. इंडियामार्टचा अहवाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विक्रेते वर्गणी आगाऊ भरतात, त्यामुळे ताळेबंदातली 'करार दायित्वं' ही रक्कम वर्षाच्या महसुलाहूनही मोठी. हे पकडीचं लक्षण. पण सगळ्यात स्वस्त योजनेतले विक्रेते मोठ्या संख्येने येतात आणि जातात, हे व्यवस्थापन स्वतःच कॉनकॉलमध्ये सांगत आलंय. एकाच कंपनीत घट्ट आणि सैल असे दोन थर.

ग्राहक मिळवण्याचा खर्च. समजा वर्गणी वर्षाला ३,००० रुपये, त्यावर ढोबळ नफा ७० टक्के म्हणजे २,१००. नवा ग्राहक आणायला ४,००० खर्च. वर्षाला २५ टक्के गळती असेल तर ग्राहक सरासरी चार वर्षं टिकतो आणि ८,४०० देतो, म्हणजे खर्चाच्या २.१ पट. गळती ४० टक्के झाली तर अडीच वर्षं, ५,२५० रुपये, जेमतेम १.३ पट. त्यातून ऑफिस, पगार, कर वजा केले की हाती काही उरत नाही. गळतीचा आकडा कंपनी देत नसेल तर वर्षाच्या सुरुवातीचे ग्राहक अधिक नवे जोडलेले, वजा वर्षअखेरचे, असा काढा. 'नवे जोडलेले' हा आकडासुद्धा देत नसेल तर कारण तुम्हीच समजून घ्या.

वसुली. येणे रक्कम अधिक बिल न केलेला महसूल, भागिले महसूल, गुणिले ३६५. महसूल ८०० कोटी, येणी १८० आणि बिल न केलेला ७० असेल तर ११४ दिवस. नुसती येणी धरली तर ८२ दिवस दिसतात. फसगत नेमकी इथे होते, कारण बिल न केलेला महसूल 'इतर वित्तीय मालमत्ता' किंवा 'करार मालमत्ता' अशा नावाखाली दुसऱ्याच टिपेत बसलेला असतो. हा आकडा दोन-तीन वर्षं सतत चढत असेल तर विक्री उधारीवर ढकलली जातेय.

भांडवलात घातलेला विकासखर्च. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे पगार खर्चात न दाखवता मालमत्तेत टाकता येतात. करपूर्व नफा ६० कोटी, वर्षात मालमत्तेत टाकलेले ४५ कोटी, आणि जुन्या अशा मालमत्तेवरचा वर्षाचा घसारा १५ कोटी असेल, तर ६० वजा ४५ अधिक १५ असा खरा नफा ३० कोटींवर येतो. 'विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता' ही ओळ शोधा.

ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर. 'समायोजित एबिटा' (व्याज, कर, घसारा धरण्याआधीचा नफा) मध्ये ईसॉपचा खर्च परत मिळवलेला असतो. तो वजाच धरा. माणसांना शेअर दिले नसते तर पगार द्यावा लागला असता.

शेवटी दहा वर्षांची बेरीज: एकूण कामकाजातून आलेली रोकड भागिले एकूण करोत्तर नफा. ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर कारण सापडेपर्यंत थांबा. आणि बँकेत दाखवलेल्या रोकडीवर व्याज किती मिळालंय तेही बघा. सत्यमने जानेवारी २००९ मध्ये कबुली दिली तेव्हा रोकड आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आधीच्या तिमाहीचं २४ टक्के दाखवलेलं मार्जिन प्रत्यक्षात ३ टक्के होतं. त्याच धंद्यात, त्याच ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांशी आकडे फार जुळत असतील आणि रोकडीवरचं व्याज मात्र जुळत नसेल, तर तिथे मुद्दाम खणायचं.

बाहेर पडून चौकशी

कागद संपले की पैसे देणाऱ्या दहा-बारा जणांना विचारा. दुकानदाराला साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं किती आणि ते दुप्पट झालं तर काय करणार. ठाण्या-नवी मुंबईतल्या लहान कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्याला यंदा कोणत्या पोर्टलची वर्गणी नव्याने भरली आणि कोणती सोडली. डोंबिवलीतल्या सीएला हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर हाताखालच्या पोरांना शिकवायला किती दिवस जातील. 'आवडतं का' हा प्रश्न विचारूच नका, सगळे हो म्हणतात. 'शेवटचं बिल किती आलं' आणि 'शेवटी कधी बदललंत' हे विचारा. आणि मुंबई म्हणजे अख्खा देश नव्हे, हे उत्तर लिहिताना ध्यानात ठेवा. जमलं तर गावाकडच्या नातेवाइकालाही एक फोन करा.

मग भाव

पकड सिद्ध झाली म्हणजे शेअर घ्यावा असं नाही. मार्च २००० मध्ये इन्फोसिस ज्या भावाला गेला होता तो, बोनस धरून, पुन्हा दिसायला २००६ उजाडावं लागलं. मधल्या वर्षांत नफा अनेक पटींनी वाढला होता.

उलटा हिशेब करा. शेअर ६० च्या पी/ईला, म्हणजे प्रति शेअर वार्षिक नफ्याच्या ६० पट भावाला मिळतोय, तुम्हाला वर्षाला १२ टक्के परतावा हवाय, आणि दहा वर्षांनी पी/ई २५ वर येईल असं धरलं, तर लाभांश सोडून प्रति शेअर नफा साडेसातपट व्हायला हवा, म्हणजे दरवर्षी सुमारे २२ टक्के, सलग दहा वर्षं. सुरुवात ३० च्या पी/ईपासून असेल तर १४ टक्के पुरतात. आता आधी काढलेलं 'दर अधिक संख्या' हे गणित समोर ठेवा आणि २२ टक्के कुठून येणार ते लिहा. जमलं नाही तर भाव उतरेपर्यंत नाव यादीत राहू दे. तोट्यातल्या कंपनीत पी/ई नसतो, तिथे पाच वर्षांनंतरचा महसूल आणि त्या धंद्यात आधीच स्थिरावलेल्या कंपनीचं मार्जिन घेऊन हेच करायचं.

मायक्रोसॉफ्ट किंवा एनव्हिडियासारख्या परदेशी शेअरला हाच तपास लागू आहे. कागद १०-के नावाच्या वार्षिक अहवालात मिळतात. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं.

खरेदीच्या दिवशी लिहून ठेवायचा कागद

एका पानापेक्षा मोठा नको. पैसे देणारा कोण, तो का सोडत नाही, दर कोण ठरवतं, आणि या भावाला किती वाढ गृहीत धरली आहे. त्याखाली आकड्यांतल्या तीन अटी, ज्या मोडल्या तर पुन्हा तपास. उदाहरणार्थ: पैसे देणारे ग्राहक सलग दोन तिमाही घटले, वसुलीचे दिवस १०० वरून १२५ च्या पुढे गेले, नियामकाने दरावर चर्चापत्र काढलं. सेबी मोठ्या बदलांआधी बहुतेकदा असं चर्चापत्र काढून सूचना मागवते, तेव्हा परिपत्रकाची वाट बघण्याची गरज नसते. भावाची अट या यादीत घालू नका. भाव १५ टक्के पडला म्हणून ग्राहक गेला असं होत नाही.

दर तिमाहीला निकाल आल्यावर या कागदावर वीस मिनिटं पुरतात. एक अट मोडली तर नवी खरेदी थांबवा आणि पुढचा कॉनकॉल ऐका. दोन मोडल्या तर अर्धा माल कमी करून मग कारण शोधा. आणि कंपनीने ज्या आकड्यावर तुमची अट बेतली होती तो आकडाच देणं बंद केलं, तर ती अट मोडली असं धरा.